न दिसणाऱ्या पर्वताकडे

जून महिन्यातलं सान्तियागो राखाडी असतं. राखेचं नव्हे, खडूच्या भुकटीचं राखाडी. तासामागून तास कोरड्या फडक्यानं पुसलेल्या, कधीच धड न पुसल्या गेलेल्या फळ्यासारखं आकाश शहरावर टेकलेलं असतं. आणि त्यावर आधीच्या तासाला कुणी काय काढून ठेवलं आहे, ते नव्यानं आलेल्याला दिसत नाही.

चिली देशाची ही राजधानी. उंच काचेच्या इमारतींची, बुटक्या रंगीत घरांची, पानं झडलेल्या झाडांच्या लांबच लांब रांगांची. पृथ्वीच्या या अर्ध्या भागात जून म्हणजे ऐन हिवाळा. शहराच्या पूर्वेला अँडीज उभा आहे. हिमकिरीटी, मेघमेखल, पुरातन अँडीज. जणू अंगणातलाच, हात लांबवला तर लागेल इतका जवळ. आणि तो दिसत नाही. धूर आणि धुकं यांचा एक जाड पडदा आठवडेच्या आठवडे हलत नाही, आणि एवढा थोरला पर्वत त्यामागे निमूट उभा राहतो.

पर्वत पूर्वेला होता. पर्वत दिसत नव्हता. ढोले सरांना या शहरात येऊन अठरा दिवस झाले होते.

रामलिंग ढोले, वय चौऱ्याहत्तर. माण तालुक्यातल्या कुरणवाडीच्या शाळेत त्यांनी छत्तीस वर्षं भूगोल शिकवला. कृश, वाकलेले, कानटोपीतले सर. बोलण्याआधी दोनदा खाकरणारे, आणि खाकरून झाल्यावर पुष्कळदा न बोलणारे. उघडे माळ, करपलेली कुसळं, कोरडे ओढे यांच्या त्या मुलखात त्यांनी पुस्तकांतून समुद्र वाचले, वाळवंटं वाचली, बर्फ वाचला. कुठे गेले नाहीत. पंढरपूर, कोल्हापूर, एकदा मुंबई.

पण त्यांच्या हातात अँडीज होता.

खडू आडवा धरून, एका दमात, फळ्याच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सर तो उतरवीत. मग ओल्या बोटानं निळी सावली. मग शिखराशिखरावर पांढऱ्याचा जाड थर. तपकिरी माळावरची, रोजच पाणी ओढणारी पोरं ते गोठलेलं, शुभ्र, न संपणारं पाणी बघत बसत, आणि वर्गात माशीचा आवाज ऐकू येई.

अशाच एका दिवशी तपासणीला आलेले साहेब मागच्या बाकावर बसले होते. सातवीतली एक मुलगी उभी राहिली. “सर, तुम्ही बघितलाय का ह्यो डोंगर?”

सर दोनदा खाकरले. “नाही,” म्हणाले.

आधी साहेब हसले. साहेब हसले म्हणून वर्ग हसला. नंतर कचेरीत चहा पिता पिता साहेब सहज म्हणाले, “ढोले, न बघितलेलं इतकं रंगवत जाऊ नका. फसवणूक होते पोरांची.”

चहा संपला. साहेब गेले. वाक्य राहिलं.

पुढची अठरा वर्षं सरांनी फक्त रेघ मारली. वरपासून खालपर्यंत एक रेघ, शेजारी नाव. निळा खडू डब्यात तसाच राहिला.

ती मुलगी वैजयंता. आता ती सान्तियागोत राहत होती, तांब्याच्या खाणींचे नकाशे करणाऱ्या एका कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होती, आणि तिनंच हट्टानं सरांना तीन आठवड्यांसाठी बोलावून घेतलं होतं. आठव्या मजल्यावरच्या घरातली पूर्वेच्या खिडकीची खोली तिनं सरांना दिली होती. रोज सकाळी ती पडदा सारी. रोज सकाळी खिडकीत राखाडी.

“आज पण नाही, सर. लाजतोय. तुमच्यासारखाच आहे.”

सर हसत. पण आत कुठेतरी ते जुनं वाक्य पुन्हा चहा पिऊ लागे. सात समुद्र ओलांडून आलो आणि डोंगर नाहीच. साहेबांचं बरोबर असावं. आपण पोरांना जे दिलं ते पांढऱ्या भुकटीखेरीज काही नव्हतं. परत जायला तीन दिवस उरले होते, आणि असंच परत गेलो तर हे कायमचं ठरणार, अशी त्यांची मनाशी खात्री झाली होती.

एकोणिसाव्या दिवशी वैजयंतानं त्यांना शहराच्या मध्यावरच्या मोठ्या चौकात सोडलं. जुनी पुस्तकं बघून ते एकटेच घरी येणार होते. असा बेत सरांनी आयुष्यात प्रथमच केला होता, आणि करताक्षणी त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला होता.

“वाट चुकलात तर कुणालाही विचारा,” ती म्हणाली. “नाही तर नुसतं डोंगराकडे चालत राहा. आपलं घर डोंगराकडेच आहे. इथं सगळे असंच सांगतात. डोंगराकडे, नाही तर समुद्राकडे.”

“डोंगर दिसत नाही, वैजयंता.”

“दिसत नाही, सर. पण कुठं जात नाही.”

पुस्तकं बघून सर निघाले. धुक्यात सूर्य होता. विझत आलेल्या निखाऱ्यासारखा, खाली कललेला, सोशिक. दुपारपूर्वीचा, थंडीतला, कललेला सूर्य. सरांच्या देहाला तो ओळखीचा वाटला. कुरणवाडीत मार्गशीर्षात असाच सूर्य दक्षिणेला कलतो. तो उजव्या खांद्यावर घेतला की तोंड पूर्वेला. देहानं विचारलं नाही, देह वळला. उजव्या खांद्यावर कोवळं ऊन घेऊन सर चालू लागले.

चालले, चालले. काचेच्या इमारती मागे पडल्या. भिंतींवरची चित्रं मागे पडली. लोखंडी जाळीची दुकानं आली, मोटारींच्या टायरांचे ढीग आले, रस्ते रुंद आणि ओसाड झाले. प्रत्येक कोपऱ्यावर सर मान वर करीत, आणि समोरची राखाडी भिंत तशीच कोरी असे. तासभर चालून त्यांचे पाय भरून आले.

एका कोपऱ्यावर कढई उकळत होती. चाकांच्या गाड्यामागे एक थोराड, गालांवर लाली असलेली म्हातारी भोपळ्याच्या पिठाच्या चकत्या तेलात सोडीत होती. तो वास सरांना थांबवून गेला. घारगे. नेमके घारगे, फक्त गूळ नसलेले. जगाच्या पार खालच्या टोकाला कुणी आपल्या आईचा पदार्थ तळत उभं होतं.

स्पॅनिशच्या छोट्या पुस्तकातून सरांनी तीस वाक्यं पाठ केली होती. त्यांतलं एकही आलं नाही. खिशातला पत्त्याचा कागद त्यांनी पुढे केला.

म्हातारीनं कागद हातभर लांब धरून वाचला. मग सरांकडे बघितलं, मग ते ज्या दिशेनं आले होते तिकडे, आणि तिचं सगळं अंग हसलं.

“लेकरा,” ती स्पॅनिशमध्ये म्हणाली, कारण तिच्या गाड्यावर येणारा प्रत्येक जण तिचं लेकरू होता, “तू तर समुद्राकडे निघालास. अजून शंभर किलोमीटर चाल, बोट मिळेल.”

सरांना शब्द कळले नाहीत, हात कळला. तिनं त्यांचे दोन्ही खांदे धरले, शाळेतल्या पोराला फळ्याकडे वळवावं तसं त्यांना पुरतं वळवलं, आणि पिठानं माखलेला हात सरळ रेषेत पुढे केला.

“कोर्दियेरा,” ती म्हणाली. पर्वतरांग.

हाताच्या टोकाला काही नव्हतं. राखाडी होती. पण तो हात हलला नाही, अडखळला नाही. स्वतःच्या घराचं दार दाखवावं तसा तो हात होता.

आणि त्याच क्षणी सरांना आपली चूक कळली. विषुववृत्ताच्या खाली सूर्य उत्तरेला कलतो. उत्तरेला. छत्तीस वर्षं, दर वर्षी, पृथ्वीचा गोल हातात फिरवून त्यांनी हेच शिकवलं होतं. पुस्तकानं त्यांना बरोबर सांगितलं होतं, त्यांनी पोरांना बरोबर सांगितलं होतं. चुकलं होतं ते डोळ्यांनी बघितलेलं, अंगानं अनुभवलेलं, चौऱ्याहत्तर वर्षांचं कुरणवाडीचं ऊन. न बघितलेलं खरं निघालं होतं.

सर हसू लागले. आवाज न करता, खांदे हलवीत. म्हातारीला वाटलं, भूक लागली आहे. तिनं कागदात गुंडाळून दोन गरम चकत्या त्यांच्या हातात कोंबल्या.

सर परत फिरले. आता ऊन डाव्या खांद्यावर.

वाटेत नदी लागली. दगडी काठांमधून धावणारी, गढूळ, घाईतली, तपकिरी नदी. सर कठड्याला टेकले. पाणी समोरून येत होतं. नुसतं वाहत नव्हतं, उतरत होतं. त्याच्या अंगावरून जो गारवा येत होता तो या हवेचा नव्हता. तो उंचावरचा होता, बर्फाच्या घरचा होता. सर पाण्याच्या उलट चालू लागले. पाणी येत होतं आणि सांगत होतं, सर जात होते आणि ऐकत होते.

पुलापाशी एक तरुण बाई उभी होती. एका हातात बोचकं, दुसऱ्यात कागद. दुसऱ्या कुठल्या देशातून नुकतीच आलेली असावी. येणाऱ्या-जाणाऱ्यांतून तिनं नेमका या कानटोपीवाल्या म्हाताऱ्याला कागद दाखवला. कागदावर त्याच रस्त्याचं नाव होतं, ज्या रस्त्यावर वैजयंताचं घर होतं.

सर खाकरले. एकदाच.

मग त्यांनी हात उचलला. खडू धरणारा, अठरा वर्षं नुसती रेघ मारणारा हात. कोऱ्या, अपारदर्शक, राखाडी पूर्वेकडे त्यांनी तो सरळ पुढे केला, आणि तो हलला नाही.

“कोर्दियेरा,” ढोले सर म्हणाले.

बाईनं तिकडे बघितलं. तिकडे काही नव्हतं. तिनं मान डोलावली, बोचकं उचललं आणि त्या दिशेनं चालू लागली.

संध्याकाळपासून पाऊस लागला. विजा नाहीत, वारा नाही. ओलं फडकं हातात घेऊन कुणीतरी सावकाश, मन लावून फळा पुसावा तसा पाऊस. दुसऱ्या दिवशीही तो थांबला नाही. या गावात पाऊस आला की घरोघर भोपळ्याच्या त्या चकत्या तळतात. वैजयंतानंही कढई चढवली. पिठात मात्र तिनं गूळ घातला.

स्वयंपाकघराच्या उंच स्टुलावर बसून सर म्हणाले, “तू मला एकदा एक प्रश्न विचारला होतास.”

“एकदा? मी तासाला दहा विचारायचे. तुम्ही मला भोचक भवानी म्हणायचात.”

“तुम्ही बघितलाय का, असं विचारलं होतंस.”

आणि सरांनी साहेबांचं हसणं सांगितलं, चहा सांगितला, ते वाक्य सांगितलं. चौतीस वर्षांत कुणाला न सांगितलेलं, चार ओळींत संपलं. कढईतली चकती काळी होऊ लागली तरी वैजयंताचा झारा हलला नाही.

“म्हणून नुसती रेघ,” ती म्हणाली. “धाकटा भाऊ घरी येऊन सांगायचा, सर नुसती रेघ मारतात. मी त्याला मारायचे. म्हणायचे, खोटं बोलतोस, सरांचा डोंगर निळा असतो.”

तिनं जळकी चकती बाजूला काढली.

“सर, बघून आलेल्या माणसानं सांगितलं असतं ना, तर मी ऐकलं असतं आणि विसरून गेले असते. तुम्ही न बघता एवढं सांगत होता. मला वाटायचं, न बघता एवढा, तर असेल तरी केवढा. ते बघायला मी घरातून निघाले.” मग पाठ फिरवून ती म्हणाली, “खा आता. निवतंय.”

बाहेर पाऊस फळा पुसत होता.

एकविसावा दिवस. परत जायचा दिवस. सर उठले तेव्हा पाऊस थांबला होता, आणि इतकी शांतता होती की ती ऐकू येत होती. त्यांनी पडदा सारला नाही. मफलर गुंडाळून ते आठ मजले उतरले, रस्त्यावर आले, आणि उगवतीकडे तोंड करून उभे राहिले.

धुतलेल्या, काळ्याभोर निळ्या फळ्यावर अँडीज काढलेला होता.

रस्त्याच्या टोकाला. घरांच्या वर, तारांच्या वर, इमारतींच्या वर, मान जिथवर जाते त्याच्याही वर. कड्यामागे कडा, शिखरामागे शिखर, डावीकडे संपेना, उजवीकडे संपेना. रात्रभर पडलेला नवा बर्फ पायथ्यापर्यंत उतरला होता. घळींमधून निळी सावली होती. ओल्या बोटानं ओढावी तशी, अगदी तशीच निळी.

बसची वाट बघणारी माणसं वाट बघायची विसरली. पाववाला दारात आला. जन्मभर इथंच राहिलेली माणसंही, पुन्हा एकदा, पहिल्यांदा बघत होती.

धावत खाली आलेली वैजयंता सरांच्या शेजारी थांबली. तिला धाप लागली होती.

“बघितलात?” तिनं विचारलं. “रेघ चुकली होती का, सर?”

सरांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत मान फिरवली. मग म्हणाले, “रेघ बरोबर होती. फळा लहान होता.”

आणि त्यांनी हात उचलला. अंगठा आणि दोन बोटं, मध्ये न दिसणारा खडू. आडवा धरलेला. उत्तरेच्या टोकापासून त्यांनी सुरुवात केली. कड्यावरून चढत, खिंडीत उतरत, पुन्हा चढत, एका दमात, न थांबता, न खाकरता, दक्षिणेच्या टोकापर्यंत हात नेला. कानटोपी मागे सरकली. वाकलेली पाठ, फळ्याच्या वरच्या कोपऱ्यापाशी पोचायला होई तशी, ताठ झाली.

तेव्हा, पर्वताच्या मागून, उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्यासारखा सूर्य वर आला. पहिलं शिखर पेटलं, मग दुसरं, मग तिसरं. आणि जिथून जिथून सरांचा हात गेला होता तिथून तिथून, शुभ्र, शुभ्र, शुभ्र, प्रकाश उतरत गेला.