बिनखिशाची बाजू

“चिंच लावलीत ना याला?” शशिकांतरावांनी मेडल खिडकीच्या उजेडात धरलं आणि चष्म्यावरून पाहुणीकडे पाहिलं. “अहो, हे काय देवघरातलं ताम्हन आहे?”

इंदुबाई सोफ्याच्या अगदी कडेला बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला.

“काळं पडलं होतं. परवा सव्वीस जानेवारी हाय. म्हटलं, बाबांच्या छातीवर जरा चमकू दे.”

“चमकवायचं नसतं! साठ वर्षांचा रंग तुम्ही एका रात्रीत घासून टाकलात.”

“तिच्यावर कशाला ओरडताय?” स्वयंपाकघरातून मनोरमाबाईंचा आवाज आला. “आयुष्यात कधी एक पातेलं घासलंय का तुम्ही?”

शशिकांतरावांनी मेडल टीपॉयवर ठेवलं. घरात त्यांना गप्प करणारं एवढं एकच माणूस होतं. परळची चाळ सोडून नवघरला आले त्याला पंचवीस वर्षं झाली, पण फ्लॅटची मागची खोली कधी माणसांना मिळालीच नाही. तिथं मेडलं होती, जुने कमरपट्टे होते, बटणं तुटलेले दोन कोट होते आणि म्यान हरवलेली एक संगीन. मनोरमाबाई त्या खोलीला शस्त्रागार म्हणत आणि केर काढायला आत पाऊल टाकत नसत. काशीमीऱ्याच्या भंगारवाल्यांपर्यंत शशिकांतरावांचं नाव पोचलेलं होतं. कोणी तलवार घेऊन यायचं, कोणी शिरस्त्राण. बहुतेकांना एकच उत्तर मिळायचं, “नाटकातली आहे. घेऊन जा.” खरी वस्तू सापडली तर शशिकांतरावांना आनंद व्हायचाच, पण खोटी पकडली की अंमळ जास्त व्हायचा, हे कबूल केलं पाहिजे.

इंदुबाई खारी गावातल्या. चौपन्न वर्षांच्या, बालवाडीत मदतनीस. जुनं घर बिल्डरला देऊन आता त्याच जागेवरच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहत होत्या, म्हाताऱ्या वडिलांसोबत. वडील लीलाधर ब्याऐंशीचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला, उजवा हात गेला आणि बोलणं दोन-चार शब्दांवर आलं.

“सेक्रेटरी जितेंद्रभाई मागच्या आठवड्यात घरी आले,” त्या सांगत होत्या. “ट्रंकेतलं मेडल बघितलं त्यांनी. बस्स, बॅनरच छापला. युद्धवीर लीलाधर यांचा सत्कार. शाल, श्रीफळ, नगरसेवक पण येणार.”

“मग अडचण काय आहे?”

इंदुबाईंनी आवाज खाली आणला. “बाबा कधी फौजेत गेल्याचं माना... मला तर म्हायत न्हाय. जन्मभर होडी आणि मिठागर. गावात काही लोक बोलायचे की लीलाधर खोटा फौजी हाय. तुम्ही बघून सांगा, साहेब. खोटं असंल तर आजच सांगा, मी जाऊन बॅनर उतरवते. पण भर माणसांत त्यांची नाचक्की नको. एकदा झालीय, ती माझ्यामुळं.”

शशिकांतरावांनी भिंग काढलं. मेडल गोल होतं, पासष्ट सालच्या लढाईनंतर दिलेलं. वजन बरोबर, ठसा बरोबर. मग त्यांनी ते आडवं धरून सावकाश फिरवलं. फौजेच्या मेडलाची कडा बघायची असते. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, सगळं तिथं बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. चिंचेनं नशीब म्हणून ती अक्षरं खाल्ली नव्हती.

“मेडल अस्सल आहे,” ते म्हणाले. आणि सवयीनं, जराही न थांबता, “माणूस नाही.”

मनोरमाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या, तिथंच थांबल्या.

“यावर लीलाधर नाव नाही. हुद्दा ड्रायव्हर, नाव काशीनाथ, असं आहे. कोण हे?”

इंदुबाईंचे ओठ हलले. “माझा काका. बाबांचा मोठा भाऊ.”

“ते फौजेत होते?”

“आमाला तर आजीनं सांगितलं होतं, जहाजावर गेलाय, येईल. शेवंती नाव आजीचं. काशीनाथ गेला असं कोणी बोललं तर भांडायला उठायची. नारळी पुनवेला घरातल्या दर्यावर जाणाऱ्या पुरुषामागं एक नारळ असायचा. आमच्या घरात दर्यावर जाणारे बाबा एकटेच. आजी मरेपर्यंत दर्याला नारळ दोन गेले, दुसरा काकाचा.” त्या थांबल्या. “म्हणजे काकाचं मेडल लावून बाबांनी... लोक बोलायचे ते खरंच होतं की हो.”

त्यांनी पिशवी जवळ ओढली. मेडल उचलायला हात पुढं केला, तेव्हा त्याच पिशवीतून एक फोटो खाली पडला. पुरावा म्हणून आणलेला आणि दाखवायचा राहिलेला. मनोरमाबाईंनी तो उचलून नवऱ्याच्या हातात दिला. चहा मात्र त्यांनी फक्त पाहुणीपुढे ठेवला.

गावातल्या शाळेचं झेंडावंदन. पांढऱ्या शर्टातला एक उंच काळासावळा माणूस ताठ उभा, शेजारी दोन वेण्यांची मुलगी. शशिकांतरावांनी फोटो जवळ नेला, लांब नेला, मग भिंग लावलं.

“शर्टाला खिसा कुठं आहे?”

“खिसा?” इंदुबाईंना कळेना. “डावीकडं. सगळ्यांच्या शर्टाला असतो तिथं.”

“आणि मेडल?”

“तेच तर!” इतकी वर्षं दाबून ठेवलेलं भसकन बाहेर आलं. “फौजी लोक खिशाच्या बाजूला लावतात, हे पोराटोरांना पण ठावं. बाबा दरवर्षी बिनखिशाच्या बाजूला लावायचे. शाळेतली पोरं ओरडायची, उलटा फौजी आला, उलटा फौजी आला. मी चौथीत होते. हा फोटो काढला आणि मी रडून गोंधळ घातला. माझ्या हातांनी मेडल काढलं आणि त्यांच्या खिशावर लावलं. म्हटलं, इथं लावा, न्हायतर माझ्या शाळेत येऊ नका.”

“मग?”

“काय बोलले न्हाय. खिशावरनं काढलं आणि मुठीत धरलं. त्यानंतर कधी लावलंच न्हाय.”

शशिकांतरावांनी भिंग खाली ठेवलं. आयुष्यभर ते धातू पाहत आले होते. तो धातू शर्टाच्या कुठल्या बाजूला लावलाय, हे त्यांनी आज दुसऱ्याच्या घरातून आलेल्या फोटोत पाहिलं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

“इंदुताई, एक विचारू? ‘मी लढाईत होतो’ असं बाबा स्वतःच्या तोंडानं कधी म्हणाले होते का?”

इंदुबाईंनी आठवून पाहिलं. “न्हाय. कधीच न्हाय. लोकच बोलायचे.”

“स्वतःचं मेडल डावीकडे लावतात. गेलेल्या माणसाचं मेडल त्याच्या रक्ताच्या नात्यातल्यानं लावायचं असेल तर उजवीकडे. अशी रीत आहे फौजेत. त्यांना कोणीतरी नीट शिकवलेलं असणार.” त्यांनी फोटो इंदुबाईंपुढे धरला. “तुमचे बाबा उलटे नव्हते हो. सगळ्या गावात ते एकटे सरळ होते. तुम्ही ते खिशावर लावलंत म्हणजे भावाचं मेडल त्यांच्या नावावर करत होतात. म्हणून त्यांनी काढलं.”

इंदुबाई फोटोकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि हमसून रडल्या. “आजीसमोर काका मेल्याचं बोलायची चोरी. म्हणून वर्षातनं एकदा तेवढं लावत होते. तेवढं पण मी...” मनोरमाबाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि पाठीवर हात फिरवत राहिल्या.

शशिकांतराव शस्त्रागारात गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक कोरी रिबन आणि पितळेची पिन होती. बारा वर्षं जपलेली, कोणालाही हात लावू न दिलेली. त्यांनी मेडल तिला जोडलं.

“मघाशी जे बोललो,” ते म्हणाले, “ते मागे घेतो.”

सव्वीस तारखेला सोसायटीच्या आवारात लाल खुर्च्या मांडल्या होत्या. बॅनरवर युद्धवीर या शब्दावर पांढरा कागद चिकटवलेला दिसत होता. जितेंद्रभाईंना इंदुबाईंनी काय सांगितलं कोण जाणे, पण ते जरा हिरमुसलेले होते. शशिकांतराव आणि मनोरमाबाई दुसऱ्या रांगेत बसले.

लीलाधरांना पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. धुतलेला पांढरा शर्ट, खिशात पेन. उजवा हात मांडीवर निपचित. इंदुबाई त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी पिशवीतून मेडल काढलं.

मेडल पाहताच म्हाताऱ्याचं तोंड कसनुसं झालं. ते मान हलवू लागले.

“आंटी, लेफ्ट साइड,” जितेंद्रभाई वाकून हळूच म्हणाले. “पॉकेट के ऊपर.”

“नहीं भाई, इधरच,” इंदुबाई म्हणाल्या आणि पिन लावली.

लीलाधरांचा चांगला हात लगबगीनं वर आला आणि स्वतःच्या खिशाकडे गेला, काढून टाकायला. खिशाला पेन होतं, बाकी काही नव्हतं. बोटं तिथं चाचपडत राहिली. मग हात छातीवरून सावकाश पलीकडे सरकला, बिनखिशाच्या बाजूला, आणि मेडलावर येऊन थांबला.

त्यांनी मुलीकडे पाहिलं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. तोवर माइकवर जितेंद्रभाई अडखळत वाचू लागले होते, “ड्रायव्हर काशीनाथ, यांच्या वतीने त्यांचे धाकटे भाऊ...”

“दादाचं,” लीलाधर म्हणाले.

“हो, बाबा,” इंदुबाई म्हणाल्या. “माना म्हायत हाय.”

शाल पांघरायला नगरसेवक पुढे आले. शाल दोन्ही खांद्यांवरून खाली आली आणि मेडल झाकलं गेलं. म्हाताऱ्यानं डाव्या हातानं तिची उजवी कड बाजूला सारली आणि ती तशीच धरून ठेवली, झेंडा वर जाईपर्यंत.