दोन घागरी, पाच वाक्यं

दुपारच्या सामसुमीत दाराची कडी वाजली. एकदाच, हलकी. भामा झोपेतून उठली, केस डोळ्यांवरून मागे सारले आणि म्हणाली, "शिवगंगा आली." मी दार उघडायच्या आत ती पाटी घेऊन भिंतीशी जाऊन बसलीही. पाचच वर्षांची आहे माझी लेक, पण शिकवणीची वेळ तिला माझ्यापेक्षा चोख कळते.

शिवगंगानं कडेवरची घागर माझ्या हंड्यात ओतली. दुसरी आणायला परत गेली. दोन घागरी झाल्या की वही उघडायची, असा आमचा ठराव होता.

ठराव तिच्या आईनं, नीलाबाईनंच केला होता. लातूर जिल्हा होऊन दुसरं वर्ष लागलेलं, कचेऱ्या नव्या, टेबलं नवी, आणि लिहिणारी माणसं पाहिजेत म्हणून परीक्षा निघालेल्या. पाऊस मात्र दोन्ही वर्षं फिरकला नाही. नळाला आठव्या दिवशी गढूळ पाणी यायचं. गल्लीत बोअर एकच, नीलाबाईच्या अंगणात. चैत्रात ती माझ्या उंबऱ्यापाशी येऊन म्हणाली, "कंधारवाली, तुझं इंग्रजी चांगलं हाय म्हणतात. पोरीला शिकव. परीक्षेपुरतं. रोज दोन घागरी धाडते."

मी लगेच हो म्हणाले. माझा नवरा व्यंकटी एसटीत कंडक्टर, रात्री नांदेडची गाडी करून आला, तेव्हा त्यानं हंडा भरलेला बघितला आणि विचारलं, "त्यांचं पाणी? तुला चालतंय?"

"चालतंय," मी म्हणाले.

मागच्या वैशाखात माझा सिद्धू आठ महिन्यांचा होता. त्याला उलट्या-हगवण लागली. पाणी उकळून, गार करून, त्यात साखर-मीठ घालून चमच्या-चमच्यानं पाजा, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरातल्या हंड्याच्या तळाला शेवाळलेलं चिखलपाणी होतं. मी तांब्या घेतला, सिद्धूला खांद्यावर टाकलं, भामा पदर धरून मागं आली. भर दुपार. नीलाबाईच्या दाराआड पंखा खडखड चालला होता. मी कडी वाजवली. पंखा थांबला. परत वाजवली. आत कुणी हललं नाही. एकाला दिलं की सगळी गल्ली घागरी घेऊन उभी राहते, हे नीलाबाई आधीच सांगून चुकली होती. पाय पोळायला लागले म्हणून भामा माझ्या पायांवर उभी राहिली, तेवढा वेळ आम्ही थांबलो.

टँकर दिवेलागणीला आला. पहाटेपर्यंत सिद्धूचं तोंड चमच्यालाही उघडेना. त्या तांब्याभर पाण्यानं तो राहिला असता का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पण तो थांबलेला पंखा मला अजून ऐकू येतो.

म्हणून शिकवायला मी भूतकाळ घेतला. एक क्रियापद भूतकाळाचं, त्याच्यामागं टू, त्याच्यामागं दुसरं. शिवगंगा आधी दोन्हींना भूतकाळ लावायची. मी सांगितलं, "पहिल्यानं भूतकाळाचं ओझं घेतलं की दुसऱ्यावर परत लादायचं न्हाई. ते टू चा हात धरून मोकळं चालतं." तिला पटकन उमगलं. पोरगी हुशार.

उदाहरणं माझी.

वुई डिसायडेड टू लॉक द बोअर. आम्ही बोअरला कुलूप लावायचं ठरवलं.

वुई रिफ्यूज्ड टू ओपन द डोअर. आम्ही दार उघडायला नकार दिला.

वुई प्रिटेन्डेड टू स्लीप. आम्ही झोपेचं सोंग घेतलं.

रोज पाच वाक्यं, आणि प्रत्येक वाक्य घरी दहादा मोठ्यानं म्हणायचं. संध्याकाळी भाकरी थापताना मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. नीलाबाई डाळ निवडत बसलेली असायची आणि म्हणायची, "परत म्हण गं. लाजतीस काय? बाहेर आवाज गेला पायजे."

"वुई रिफ्यूज्ड टू ओपन द डोअर."

"आणखी मोठ्यानं."

माझी भाकर तव्यावर टम्म फुगायची. इतकं गोड वर्षभरात काही लागलं नव्हतं.

उदगीरहून शिवगंगाचा मामा आला, तेव्हा तर तिच्या बापानं, गुरुपादप्पानं, लेकीला मुद्दाम पुढं बसवलं. तिनं मान खाली घालून पाचही वाक्यं म्हटली. मामा म्हणाला, "लई फाडफाड बोलतीय की. कलेक्टरच होती म्हणा आता." सगळे हसले. भिंतीच्या अलीकडं मीही हसले.

मी ठरवून ठेवलं होतं. शिवगंगाला नोकरीचा कागद येईल. पेढे घेऊन नीलाबाई गल्लीत दारोदार फिरेल. माझ्या दारात आली की गल्लीच्या देखत एकेका वाक्याचा अर्थ मी तिला मराठीत सांगणार. तेवढ्यासाठी ती पोरगी पास व्हायला हवी होती. म्हणून मी तिला जीव तोडून शिकवत होते.

आज परीक्षेआधीची शेवटची शिकवणी. शेवटचं वाक्य मी राखून ठेवलं होतं.

"लिही," मी म्हणाले. "द बेबी वॉन्टेड टू ड्रिंक."

तिनं लिहिलं. पेन टेकवून तशीच बसली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "वयनी, मला पैल्या दिवसापासून कळत होतं."

भिंतीशी भामाची पेन्सिल पाटीवर करकरत होती.

"कळत होतं, तर म्हणत का राहिलीस?"

"त्या घरात मराठीत म्हणता येत न्हाई म्हणून." तिनं पदराच्या टोकाची सुरळी केली, सोडली. "आई मोठ्यानं म्हण म्हणायची, तवा मी म्हणायची."

मग तिनं वही पुढं ओढली आणि न विचारता आणखी एक ओळ लिहिली. माझ्याकडं फिरवली. आय वॉन्टेड टू ओपन द डोअर.

"पंखा मी बंद केला होता," ती म्हणाली. "दार उघडायला उठले होते. आईनं मनगट धरलं."

वर्षभर मी तो पंखा नीलाबाईच्या हातानं थांबवत आले होते. आता तिथं या पोरीचा हात आला आणि मला कुठं बघावं कळेना. वाईट वाटलं म्हणावं, तर तसंही नाही. रागच आला. मनगट धरलं तर हिसडून टाकायचं. माझं लेकरू खांद्यावर होतं, तुझं तर नुसतं मनगट.

मी लाल पेन्सिल घेऊन वाक्य तपासलं. बरोबर होतं. बरोबरची खूण केली.

"उद्या पेपर झाला की येऊ?" तिनं विचारलं. "घागरी घेऊन? आई म्हणती, आता कशाला. पण मी आणते."

मी हंड्यावर झाकण ठेवलं. ती रिकामी घागर कडेवर घेऊन गेली. मी दार लावून घेतलं.

भामानं पाटी माझ्या मांडीवर आणून ठेवली. तिला अक्षरं अजून धड येत नाहीत. रेघोट्या आणि एक चौकोन, चौकोनाला कडी. मी तिच्या बोटांवरची पेन्सिलीची भुकटी पदरानं पुसत होते, तेव्हा तिनं विचारलं, "आई, उद्या तिनं कडी वाजवली तर आपण दार उघडायचं का?"