अर्धी ऐकलेली गाडी

बाळ परुळेकरकडे गाडी चालवायचा परवाना अडतीस वर्षं होता आणि गाडी एक दिवसही नव्हती. परवान्याची मुदत संपायच्या महिनाभर आधीच हा माणूस फोटो, डॉक्टरचा दाखला आणि झेरॉक्स घेऊन रांगेत उभा. नाहूरच्या त्यांच्या सोसायटीत सगळ्यांना ही गंमत ठाऊक होती. कोणी विचारलंच, परुळेकर, करता काय त्या परवान्याचं, तर बाळ शांतपणे सांगे, लागेल.

बासष्टाव्या वर्षी एखाद्याला नुसतं बाळ म्हणणं बरं दिसत नाही, पण शाळेच्या दाखल्यावरच तसं लिहिलेलं, त्याला कोण काय करणार. बाकी माणूस सरळ. एका कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. गाडी परवडत नव्हती अशातला भाग नाही. मुलानं, निहारनं, दोनदा त्याला शोरूममध्ये नेलं. दोन्ही वेळा बाळनं नव्या गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडून लावून बघितलं आणि तोंड पाडून घरी आला. त्याला काँटेसा हवी होती. पांढरी, लांब बॉनेटची, पुढे दोन-दोन गोल दिव्यांची. २००२ साली ती गाडी बनायची बंद झाली, त्या दिवशी हा जेवला नाही. सुनंदा, म्हणजे त्याची बायको, तेव्हा जी वैतागली ती पुढे कित्येक वर्षं वैतागलेलीच होती.

लोकांना लांबचे नातेवाईक माहीत असतात तशा बाळला उपनगरातल्या काँटेसा माहीत होत्या. एक मालाडला डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर, एक मुलुंडला चिंचेखाली, दोन कुर्ल्याला. वर्षा-दोन वर्षांनी एखादी जागेवर दिसेनाशी व्हायची आणि बाळ घरी येऊन पंख्याखाली गप्प बसायचा. शेवटी एकच उरली, घाटकोपरला. ती त्याच्या कंपनीतल्या सबनीस साहेबांची. तीच पहिली.

हे वेड लागलं कसं, ते त्यानं फक्त सुनंदाला सांगितलं होतं, तेही लग्नाला दहा वर्षं झाल्यावर.

१९८६ साल. बाळ तेवीस वर्षांचा, नोकरीत नवा. वडील, म्हणजे दादा, मालवणकडून येऊन गिरणीत लागलेले. संपानंतर गिरणी गेली, मग तब्येत गेली, आणि त्या दुपारी परळच्या इस्पितळातून ऑफिसात फोन आला की लगेच या. बाळ गेटकडे धावत सुटला. सबनीस साहेब बाहेर पडत होते. त्यांनी दार उघडलं आणि म्हणाले, बस मागे. महिनाभरापूर्वी घेतलेली गाडी. काच वर गेली आणि रस्त्याचा सगळा आवाज थांबला. आत गारवा. खड्ड्यावरून जाताना गाडी नुसती श्वास घेतल्यासारखी वरखाली झाली. बाप मरणाच्या दारात, आणि पोराचं लक्ष साहेबांच्या हाताखालच्या गिअरच्या दांड्यावर. घाटकोपर ते परळ बाळ तेवढंच बघत होता.

तो पोचला तेव्हा दादा शुद्धीवर होते. त्यांनी विचारलं, "कसो इलंस रे?"

"सायबाच्या गाडयेन," बाळ म्हणाला. "दादा, काय गाडी आसा म्हायती..."

आणि तो सांगत सुटला. किती लांब, किती पांढरी, आत कशी थंडगार. दुसरं बोलायला सुचलंच नाही, आणि बोलणं थांबवायची भीती वाटत होती. दादा डोळे मिटून ऐकत होते. चाकांपर्यंत आला तेव्हा नर्सनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दादा कुठवर ऐकत होते आणि कुठून पुढे नव्हते, हे बाळला कधीच कळलं नाही. शेवटच्या घटकेला बापाशी काय बोललो, तर गाडीबद्दल. त्याची लाज त्याला आयुष्यभर वाटली, आणि गाडीचं वेडही आयुष्यभर गेलं नाही. दोन्ही एकाच दिवशी आत आली होती, आता ती वेगळी करणार कोण.

तर या भाद्रपदात मालनवहिनींचा, म्हणजे सबनीस साहेबांच्या बायकोचा, फोन आला. सबनीस साहेब जाऊन बारा वर्षं झाली होती. गाडी बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती, आणि दर दिवाळीला बाळ फराळाचं निमित्त करून ती बघून येत होता. वहिनींना हे कळत नव्हतं असं नाही. आता बिल्डिंग पाडून टॉवर होणार होता. वहिनी बोरिवलीला लेकीकडे, गंधालीकडे, राहायला चालल्या होत्या. बाळ गेला तेव्हा त्यांनी टेबलावर किल्ली ठेवली आणि म्हणाल्या, "घेऊन जा. पैसेबैसे काढलेस तर चहा मिळणार नाही. चालव मात्र. साहेबांना उभी गाडी आवडायची नाही."

बाळच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं रुमाल काढला, नाक पुसलं, चष्मा पुसला, आणि मग दोन बोटांनी ती किल्ली परत वहिनींकडे सरकवली.

"आत्ता नको वहिनी. पितृपक्ष आहे. दसऱ्याला नेतो. तेव्हाच किल्ली घेईन."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. चाळीस वर्षं ज्या गाडीसाठी झुरला ती समोर आली तर याला पंचांग आठवलं. तसा बाळ काही फार देवभोळा नव्हता. घरी देवपूजा सुनंदा करायची, हा पेपर वाचायचा. पण वर्षातले हे पंधरा दिवस त्याच्याच्यानं हलक्यात घेववत नसत. अष्टमीला दादांचं श्राद्ध. वडे, खीर, आमसुलाची चटणी केळीच्या पानावर वाढून तो गच्चीत कावळ्याची वाट बघत उभा राहायचा. कावळा लगेच शिवला नाही की दर वर्षी त्याला तीच शंका यायची, दादा त्या गाडीपायी रागावलेत की काय.

सुनंदाला त्यानं घरी येऊन सगळं सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिनं विळी आडवी केली.

"अहो, जा आणि घेऊन या. उद्याच्या उद्या."

"पितृपक्षात घेतलेली वस्तू पितरांची होते म्हणतात."

"मग होऊ दे की. दादांनी अर्धीच ऐकलीय गाडी. उरलेली बसून बघू देत."

तिनं हे चेष्टेनं म्हटलं नव्हतं. बाळला मात्र ते लागलं. तो म्हणाला की एकदा त्या गाडीपायी त्यांच्या बाबतीत चुकलो, आता त्यांच्याच पंधरवड्यात ती दारात आणून उभी करू? ते काही जमणार नाही. चाळीस वर्षं थांबलो, पंचवीस दिवसांनी काय होतंय. सुनंदानं विळी पुन्हा उभी केली. या घरात तिनं जे जे पहिल्यांदा सांगितलं ते ते पुढे खरं ठरलं होतं, आणि तरी तिचं कोणी ऐकत नसे.

मग तयारी सुरू झाली. भांडुपच्या गॅरेजवाल्या हर्षदला बाळनं चार वेळा फोन करून काँटेसा ओढून आणायला टोचनची गाडी ठरवून ठेवली. सोसायटीच्या सेक्रेटरीकडून गेटजवळची जागा मागून घेतली, आणि ती रोज सकाळी स्वतः झाडू लागला. मऊ कापडं आणली. निहारला सांगितलं की पहिली फेरी मी एकटा मारणार, मागे कोणी बसायचं नाही. झेंडूच्या हाराची लांबी ठरवायला त्यानं ड्राफ्ट्समनच्या हातानं बॉनेटचं मापात चित्र काढलं. फुलवाला ते चित्र बघून चक्रावला. एवढं सुखात सुनंदानं त्याला कधी बघितलं नव्हतं, आणि तिला कसलीशी धास्ती वाटत होती.

त्रयोदशीला वहिनींचा पुन्हा फोन आला. त्या बोरिवलीला पोचल्या होत्या. बिल्डरच्या माणसांनी ठरल्याआधीच ताबा घेतला होता आणि अमावास्येपर्यंत कंपाउंड रिकामं करायचं म्हणत होते. वहिनींनी त्यांना गाडी परुळेकरांची आहे म्हणून सांगितलं होतं, पण तिथं रोज नवा माणूस असायचा. "तू असं कर," त्या म्हणाल्या, "नुसती ढकलून रस्त्यावर आण. पूजा मग कर. किल्ली आणि कागद वॉचमनकडे ठेवलेत."

आता दसऱ्याचा हट्ट सोडावा एवढं बाळला कळलं. तो म्हणाला, दसरा नको तर नको, घटस्थापनेला नेतो. मध्ये दोनच दिवस तर आहेत. अमावास्या उलटू दे, सकाळी सातला मी गेटवर असेन.

वहिनी म्हणाल्या, "अरे, दोन दिवस तरी कशाला?"

या प्रश्नाचं जे उत्तर होतं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

सर्वपित्रीला त्यानं पान वाढलं. कावळा लगेच आला, वडा उचलून उडाला. बाळला फार बरं वाटलं. दादांनी परवानगी दिली, असं तो सुनंदाला म्हणाला.

घटस्थापनेला तो सव्वासहालाच निघाला. इस्त्रीचा शर्ट, खिशात परवाना, मांडीवर हार, नारळ आणि चार लिंबं. हर्षद टोचनची गाडी चालवत होता आणि बॅटरी, टायर, कार्ब्युरेटर यांबद्दल बोलत होता. बाळ हूं हूं करत होता. घाटकोपरला पोचल्यावर नव्या वॉचमननं टेबलाच्या खणातून एक पाकीट काढून दिलं. आत किल्ली होती आणि सह्या केलेले कागद. पाकिटावर वहिनींच्या कापऱ्या अक्षरात लिहिलं होतं: बाळ परुळेकर, गाडीचे मालक.

कंपाउंडमध्ये ताडपत्रीची घडी पडली होती. तिच्या बाजूला जमिनीवर एक लांबट, कोरडा, स्वच्छ चौकोन होता.

वॉचमनला दोष देण्यात अर्थ नव्हता, तो त्याच सकाळी कामावर आलेला. काल दुपारी ठेकेदाराची माणसं आली, दोन बेवारस स्कूटर, पाण्याच्या टाक्या आणि ती जुनी गाडी घेऊन गेली, एवढं त्याला ऐकून माहीत होतं. भंगारवाल्याचा नंबर त्यानं शोधून दिला. दुकान कुर्ल्याचं. हर्षदनं गाडी पळवली. वाटेत तो दोनदा म्हणाला, काका, एका रात्रीत काय होतंय, इंजिन तरी हाताला लागेल. बाळनं हार मांडीवर घट्ट धरला होता.

एका रात्रीत पुष्कळ होतं. जुन्या गाडीचं सामान मागणारे लोक टपलेलेच असतात. गल्लीत शिरताच भिंतीला उभं लावलेलं पांढरं बॉनेट दिसलं. त्याचं माप बाळला तोंडपाठ होतं. दारं एकावर एक रचलेली. इंजिन पहाटेच गेलं होतं. बाळनं स्टेअरिंगचं विचारलं. दुकानदार माणूस बरा होता, त्यानं खरंच वाईट वाटून सांगितलं की ते सर्वांत आधी गेलं, कोणा शौकिनानं नेलं. ठेकेदाराकडून रीतसर घेतली म्हणाला. पाकिटातले कागद त्यानं वाचले, परत घडी केली आणि परत दिले. मागची सीट आहे, घेता का, असंही विचारलं. नुसती सीट घेऊन माणसानं करायचं काय.

सीट दुकानासमोर रस्त्याच्या कडेला ठेवली होती. तिच्यावर दोन कामगार चहा पीत होते. बाळचा चेहरा बघून ते सरकले आणि त्याला बसायला सांगितलं. तो बसला. तीच सीट, डावीकडचीच बाजू. चाळीस वर्षांपूर्वी इथंच बसून त्यानं साहेबांचा हात बघितला होता. समोर आता एक गटार होतं आणि पलीकडे लोखंड कापायचं मशीन चालू होतं. हर्षद जरा दूर जाऊन उभा राहिला.

फोन वाजला. सुनंदा होती. शेजारच्या सुलक्षणावहिनी आणि सोसायटीतले चारजण खाली गेटवर येऊन थांबलेत, असं ती सांगत होती. निहारनं रजा टाकली होती. "किती वेळ आहे अजून? ताम्हण घेऊन खाली उतरू का?"

"नको," बाळ म्हणाला. "ठेव ते आत."

मग तिनं हळूच विचारलं, "कधी नेली?"

"काल दुपारी. मी पान वाढलं तेव्हाच."

मी सांगत होते, एवढं म्हणायचा तिला पूर्ण हक्क होता. ती म्हणाली नाही.

"दादांना मिळाली, सुनंदा," बाळ म्हणाला. "पण तुकडे करून."

आणि तो रडायला लागला, भर रस्त्यात, मांडीवर झेंडूचा हार घेऊन. कामगारांनी चहाचे ग्लास खाली ठेवले. थोड्या वेळानं दुकानदार जवळ आला आणि फार संकोचानं त्यानं बाळला जरा उठायला सांगितलं. सीटचं गिऱ्हाईक आलं होतं.

बाळ उठला.