कोणाच्या तोंडून

बाईंनी संचालकांच्या टेबलावरचं बडतर्फीचं पत्र उचललं आणि पालथं ठेवलं.

"कोणी सांगितलं?"

"अहो, सगळेच म्हणतायत. ती भाषांतरं तिची नाहीत, कुठून तरी उचललेली आहेत."

"सगळे म्हणजे कोणीच नाही. नाव सांगा."

संचालक हसले. बाईंची ही खोड संस्थेत सगळ्यांना पाठ होती. अरबांचा इतिहास लिहिण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. तिकडचे जुने इतिहासकार घटना लिहिण्याआधी ती सांगणाऱ्यांची नावं देत: हे मी अमक्याकडून ऐकलं, त्याने तमक्याकडून. एक कडी कच्ची निघाली की बाई अख्खी हकीकत बाजूला ठेवत. आणि इथे, त्यांच्याच विभागातल्या भाषांतरकार मुलीची नोकरी ऐकीव गोष्टीवरून जाणार होती! बाईंची कानशिलं तापली.

"हिशेबनीस म्हणाले," संचालक अखेर पुटपुटले. "पत्र आज जाणार."

हिशेबनीस चहा पीत होते.

"माझ्या डोक्यावर कशाला मिरी वाटताय? ग्रंथालयात कानावर आलं. तुमच्याच नणंदबाईंकडून."

"आणि तुम्ही लगेच वर जाऊन ओकलात!"

ग्रंथपाल नणंद शिडीवर उभी राहून पुस्तकं लावत होती.

"वन्सं, जिभेला काही हाड? त्या पोरीच्या पोटावर पाय येतोय. कोणाच्या तोंडून ऐकलंत?"

नणंद सावकाश खाली उतरली.

"उचललं असं मी म्हटलंच नाही, वहिनी. तिचं वाटत नाही, असं म्हटलं."

"पण ऐकलंत कोणाकडून?"

"तुझ्याकडून. परवा जेवताना. म्हणालीस, इतकं सुरेख उतरलंय की तिचं वाटतच नाही." तिने हाताची धूळ पदराला पुसली. "सुरेखसुद्धा सांगितलं होतं गं मी. ते कोणी वर नेलंच नाही."

बाईंनी शिडी धरली. मग सोडली.

जिन्यात ती मुलगी भेटली. आपली पुस्तकं खोक्यात भरून खाली निघाली होती. डोळे सुजलेले.

"बाई, कळलं मला. माझ्यासाठी सगळ्यांशी भांडलात. तुमचे उपकार कसे—"

"ते शब्द परत घे," बाई म्हणाल्या. त्यांनी खोका तिच्या हातातून काढून घेतला आणि पायऱ्या चढू लागल्या. "वर चल. मी काय म्हणाले होते ते तुझ्यासमोर सांगायचंय."