तळ्यातला खांब

नवरा कलकत्त्याच्या हायकोर्टातून परतला, तेव्हा निस्तारिणी विळीवर मासा चिरत होती. तिने पाय धुवायला पाणी दिलं आणि पुन्हा विळीवर बसली.

तिला भाऊ नव्हता. वडिलांमागे तळं आईचं झालं आणि आईमागे तिचं व्हायचं. पण आईचं श्राद्ध उरकताच काकांनी, दुर्लभचंद्रांनी, तळ्याच्या घाटाला कुंपण घातलं. काका म्हणत, आपला थोरला भाऊ, म्हणजे तिचे वडील, गेल्यापासून चौदा वर्षं तळं आपल्याच ताब्यात आहे. दावा बारा वर्षांच्या आत लावायला हवा होता, असं त्यांचं म्हणणं. जिल्हा कोर्टाने ते मानलं. मुलीला फार उशिरा जाग आली, असं गावातल्या बायका पाणी भरायला लांब नदीवर जाताना म्हणायच्या. तळ्याचं पाणी आईने सगळ्या गावासाठी दिलं होतं. वडील गेल्यावर सहा वर्षांनी, त्यांच्या नावाने तळ्याची प्रतिष्ठा करून, म्हणजे ते विधिपूर्वक गावाला अर्पण करून, त्याची खूण म्हणून मधोमध बेलाच्या लाकडाचा खांब रोवला होता.

"तुझ्या काकांनीच तुला जिंकवलं," नवरा म्हणाला.

तिने विळी आडवी केली.

प्रतिष्ठेच्या दिवशी आई पडद्याआड होती. तिच्या वतीने संकल्प आपणच म्हणणार, म्हणून काका अडून बसले होते; एवढ्या गावासमोर दुसऱ्या कुणाचा आवाज नको. ज्याचं पाणी त्याचं नाव घेतल्याशिवाय संकल्प होत नाही, आणि काकांनी आईचं नाव घेतलं. पुरोहितांनी हे जिल्हा कोर्टातच सांगितलं होतं, पण तिथे ते नुसतं धर्मकार्य ठरलं, मालकीचा पुरावा नाही. हायकोर्टाच्या न्यायाधीशांनी तोच जबाब दोनदा वाचून घेतला. जो माणूस भर गावात वहिनीच्या नावाने तिचं तळं देतो, तो तेव्हा मालक कसा? मुदत आईच्या मृत्यूपासून मोजायची, म्हणाले. दावा वेळेत होता.

निस्तारिणीने पदराने डोळे टिपले आणि उरलेला मासा चिरला.

दुसऱ्या सकाळी ती माहेरच्या घाटावर गेली. काका स्वतःच कुंपणाचे बांबू उपटत होते.

"माझ्या गळ्यानेच माझा घात केला, पोरी," ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

"गळा चांगलाच होता, काका. आई शेवटपर्यंत सांगायची, पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत तिचं नाव ऐकू गेलं होतं."

काकांनी पुढचा बांबू उपटला. तिने दुसऱ्या टोकाला हात लावला.