ओठांच्या फळीवरची खाच

सुमिदा नदीवर शरद उतरला होता. ताम्रवर्ण, तृप्त, शांत. जणू जपानच्या या एदो शहरात कुणाचं कुणाशी वाकडं नव्हतंच.

होतं. नदीकाठच्या चित्रशाळेत फळ्या कोरणारा हिकोझो आणि त्या फळ्यांवरून कागद छापणारा उमेकिची अकरा शरद एकमेकांशी बोलले नव्हते. एकदा उमेकिची चारचौघांत म्हणाला होता, "केस तुम्ही कोरता, हिकोझोसान, पण काळे मी करतो." एवढंच. माणसांना आयुष्यभर पुरायला याहून कमीही चालतं.

चित्रातली मुखं कोरायचा मान हिकोझोचा. मेघश्याम केशराशी, धनुराकृती भुवया त्याच्या. वस्त्रं, कुंपणं, लाटा इतरांच्या. चेरीच्या कठीण लाकडातून तो रेशमाहून सूक्ष्म केस उभे करी, आणि मान त्याहून ताठ ठेवी.

प्रत्येक रंगाची फळी वेगळी. प्रत्येक फळीच्या कोपऱ्यात एक खाच. कागद तिथे टेकला की रंग आपापल्या घरी उतरतो. यंदा ओठांच्या फळीवरची खाच हिकोझोने तांदळाभर सरकवली. मुद्दाम.

उमेकिचीने कागद टेकवला, घासला, सोलला. चंद्रमुखी, मेघकेशी, ओठ कोरे आणि हनुवटी रक्तवर्ण. संध्याकाळी मालक इसेमोन पहिली प्रत पाहणार होते, आणि रंग चुकला की कामावरून जायचा तो छापणाराच.

तो चिडला नाही. चेरीची एक कपची तासली, खाचेत बसवली. दुसऱ्या कागदावर ओठ ओठांत उतरले.

संध्याकाळी त्याने दोन्ही प्रती मालकांपुढे मांडल्या, फळीही मांडली. मग अकरा वर्षांनी हिकोझोकडे वळला. आवाजात मध, मधात सुई.

"खाच जरा सरकली होती. घेतली सांभाळून. वयाचंच आहे, हिकोझोसान. हात थरथरतोच माणसाचा."

"थरथरतो का हो?" मालकांनी विचारलं.

हिकोझोचा हात मांडीवर पडला होता, पाषाणस्तब्ध. खरं बोलावं तर कपटी, आणि कपट्याला बाहेरचं दार उघडंच. गप्प राहावं तर म्हातारा.

"हल्ली... थोडा," हिकोझो म्हणाला.

"मग मुखं दुसरा कोरील. तुम्ही लाटा घ्या."

नदीवरचं तांबं विझत होतं. हिकोझोने नवी फळी ओढली, पातं टेकवलं. एक लाट उठली, अचूक. दुसरी, अचूक. तिसरी, अचूक.

मग फळीवर मालकांची सावली पडली. आणि त्या स्थिर, निष्ठुर, निष्णात हाताने चौथी लाट थरथरत कोरली.