लालच्या जागी पांढरी रेघ

मित्रांनो, मी पडद्यावरच्या मांडणीची एक जुनी फाइल आहे. भिंगांचे आराखडे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती खिडकी कुठे उघडायची, अक्षरं केवढी ठेवायची, रेघा कोणत्या रंगाच्या काढायच्या, एवढंच मी लक्षात ठेवते. एवढंच, म्हणून नाक मुरडू नका. एका माणसाची अब्रू मी कित्येक वर्षं सांभाळली आहे.

त्या माणसाला ऑफिसात सगळे भाऊ म्हणतात. भाऊ भिंगं आखतात आणि त्यांना लाल आणि हिरवा हे रंग वेगळे दिसत नाहीत. भिंगातून लाल, हिरवा आणि निळा प्रकाश नेमका कुठे पडतो, ते सॉफ्टवेअर त्याच तीन रंगांच्या रेघांनी दाखवतं. झाली की नाही पंचाईत? एका रविवारी वहिनी घरच्या कॉम्प्युटरपुढे त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. "अहो, ही आणि ही वेगळी दिसते का? आणि आता?" असं करत करत लालच्या जागी पांढरी रेघ आली, हिरव्याच्या जागी जाड पिवळी, मागे सगळं काळं. भाऊंनी 'जतन करा' दाबलं आणि माझा जन्म झाला.

"ऑफिसात सांगून टाका ना एकदा," वहिनी म्हणाल्या.

"भिंगवाल्यालाच रंग दिसत नाहीत म्हटल्यावर कोण काम देईल?" भाऊ म्हणाले. त्यांनी माझी एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि तो किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवला.

मग ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मी इमानेइतबारे राबले. भाऊंच्या भिंगांची वाहवा झाली. माझी मात्र थट्टाच व्हायची. तपासणी विभागातले अण्णा तर येता-जाता म्हणायचे, "काय भाऊ, पडद्याला हळद लागली वाटतं." भाऊ हसून वेळ मारून न्यायचे. मला राग यायचा, अजूनही येतो.

पुढे नवीन मॅडम आल्या. भाऊ रजेवर असताना त्यांच्या पडद्यावरचं कुणालाच काही उमगलं नव्हतं, म्हणून मॅडमनी सगळ्यांसाठी एकच मांडणी ठरवली आणि बाकीच्या पुसून टाकल्या. मीही पुसली गेले. मला विचारलं नाही ते सोडा, भाऊंनाही विचारलं नाही. जुडग्यातली प्रत परत लावायची तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून भाऊंनी ती लावली नाही.

तेव्हा भाऊ दातांच्या डॉक्टरांच्या चिमुकल्या कॅमेऱ्याचं भिंग आखत होते. लाल आणि हिरवी रेघ त्यांना सारखीच दिसू लागली. एका रंगाच्या प्रकाशाची वाट चुकली होती, पण कोणत्या? त्यांनी अंदाजाने दुरुस्ती केली, आणि बैठकीत मोठ्या पडद्यावर सगळं उघडं पडलं.

"लाल रेघ बघा कुठे भरकटलीय," मॅडम म्हणाल्या. "भाऊ, हे काम दुसऱ्या कुणाला देऊ या का?"

भाऊ उठले. खिशातून जुडगा काढला, पेनड्राइव्ह लावला आणि 'मांडणी परत आणा' दाबलं. खिडक्या सरसर आपापल्या जागी गेल्या. सगळ्यांदेखत मी परत आले, माझ्या पिवळ्या रेघेसकट.

"मला लाल-हिरवा वेगळा दिसत नाही. कधीच दिसला नाही," भाऊ म्हणाले. "आजवरचं सगळं काम हिच्या जिवावर केलंय. काम काढून घ्यायचं असेल तर घ्या, पण आधी हे बघा." आणि उभ्या उभ्याच त्यांनी भिंगाचा एक बाक बदलला. पांढरी रेघ पिवळीला येऊन मिळाली.

मॅडमनी पुढे होऊन दोन्ही रेघा जुळल्याची खात्री केली. "माझं चुकलं, मी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "काम तुमच्याकडेच राहू द्या. मांडणीसुद्धा."

बैठक संपल्यावर अण्णा मागे रेंगाळले. दार लोटून घेत ते हळूच म्हणाले, "भाऊ, ती पिवळी रेघ मलाही द्याल का? मलाही कधी कळलेलं नाही, कोणती लाल ते."

मित्रांनो, कुणाची विचित्र मांडणी दिसली तर हसण्याआधी, पुसण्याआधी, एकदा विचारा. तरी कुणाला मला पुसायचंच असेल, तर खुशाल यावं. आता माझी एक प्रत अण्णांच्याही किल्ल्यांना लटकते आहे.